रिपोर्ट नॉर्मल, कळ कायम

लघवीची तपासणी होते, जंतू सापडत नाहीत. सोनोग्राफी होते, खडा नाही, गाठ नाही. तरी ओटीपोटात कळ येतच राहते. दिवसातून वीस-वीस वेळा जावं लागतं, रात्रीची झोप चार-पाच तुकड्यांत मोडते आणि हे वर्षानुवर्षं चालतं. मूत्राशयाच्या या चिवट दुखण्याला डॉक्टर ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ किंवा ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’ म्हणतात. मूत्राशयाशी निगडित वेदना किंवा दाब सहा आठवड्यांहून जास्त काळ जाणवतो, सोबत लघवीच्या तक्रारी असतात आणि जंतुसंसर्ग किंवा दुसरं कुठलंच कारण मिळत नाही, ही त्याची ओळख. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत २.७ ते ६.५ टक्के प्रौढ स्त्रियांमध्ये अशी लक्षणं आढळली. त्यांतल्या जेमतेम दहातल्या एकीला निदान मिळालेलं होतं.

आपल्याकडे ही बाई कुठे असते? धाराशिव जिल्ह्यात ती शाळेत शिकवते, रानात खुरपते, एसटीत दाराजवळची जागा धरते आणि गप्प राहते. पुढच्या संवादातल्या दोघी कल्पित आहेत, त्यांच्यातला वाद मात्र खरा आहे. मावशी उमरग्याकडची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, दहा-बारा वर्षं हे दुखणं घेऊन जगणारी. भाची मानसिक आरोग्याच्या कामात समुपदेशक. आजाराला मनाची बाजू आहे का, आणि असेल तर ती कधी, कुणी आणि कशी बोलावी, यावर दोघींचं पटत नाही.

मावशी: आधीच सांगते, मला समुपदेशनाला ये म्हणू नकोस. तुझ्या शिक्षणाचा मला अभिमान आहे, पण माझं दुखणं ओटीपोटात आहे, डोक्यात नाही. इतके दवाखाने केले, त्यांतल्या निम्म्या ठिकाणी शेवटचं वाक्य एकच होतं: “बाई, टेन्शन घेऊ नका, सगळं नॉर्मल आहे.” ते ऐकल्यावर पुढे काही विचारायची सोयच राहत नाही. चपला घालायच्या आणि बाहेर पडायचं.

भाची: ते वाक्य चुकीचंच आहे, मावशी. रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ एवढाच, की त्या तपासण्या जे शोधतात ते सापडलं नाही. कुणाला किती दुखतंय हे दाखवणारी तपासणी अजून निघालेली नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या नव्यानं मांडली. माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, असं त्यांनी तिच्यासोबत स्पष्ट लिहिलं. त्याच व्याख्येत हेही आहे, की वेदना हा शरीराला जाणवणारा आणि भावनेलाही भिडणारा, असा एकच अनुभव असतो. तुझं दुखणं खरं आहे म्हणूनच मी तुला बोलावते.

मावशी: व्याख्या छान आहे. पण माझ्या वाट्याला काय आलं ते ऐक. सुरुवातीला घरचे म्हणाले, उन्हाळी लागली. धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, वाळा झाला. मग जंतू मारायच्या गोळ्या सुरू झाल्या. पाच दिवस गोळ्या, चार दिवस बरं, की परत तेच. लघवीत जंतू नाहीत असा कागद हातात असतानाही त्याच गोळ्या. सगळं देऊन झालं तेव्हा दोष माझ्या स्वभावावर आला, “तुम्ही फार विचार करता.” अगं, विचार करते म्हणून दुखतं की दुखतं म्हणून विचार करते, हे एकानं तरी विचारलं का?

भाची: जंतू नसताना पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक देऊ नये, असंच या आजाराच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आणि तुझ्या रागाला मोठा इतिहास आहे. बाल्टिमोरच्या गाय हनर या डॉक्टरनं १९१५ साली मूत्राशयाच्या आतल्या जखमांचं वर्णन लिहून ठेवलं होतं. आजही त्या जखमांना त्याचंच नाव आहे. तरीही अमेरिकेतल्या मूत्रविकारांच्या प्रमाण पाठ्यपुस्तकात १९७०च्या दशकापर्यंत हा आजार मनोविकारांच्या अंगानं समजावला जात होता. जखमा थोड्याच रुग्णांत दिसतात, उरलेल्यांचं मूत्राशय दुर्बिणीतून धड दिसतं. त्या उरलेल्या बायकांना घाबरट ठरवणं सोपं गेलं.

मावशी: बघ! मीच नव्हे, शंभर वर्षांतल्या बायका.

भाची: त्यांतलीच एक डॉ. विकी रॅटनर. वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच तिला हे दुखणं लागलं. डॉक्टरामागून डॉक्टर तिला काही झालेलं नाही म्हणत गेले. शेवटी ग्रंथालयात बसून तिनं स्वतःच आजाराचं नाव शोधून काढलं आणि १९८४ साली रुग्णांची संघटना उभी केली. टीव्हीवर ती बोलली तेव्हा हजारो बायकांची पत्रं आली. त्या दबावातून सरकारी संशोधनाला पैसा मिळू लागला. डॉक्टरीण होणाऱ्या बाईवरही कुणी विश्वास ठेवला नाही, तिथे उमरग्याच्या शिक्षिकेचं काय!

मावशी: मग इतकं सगळं माहीत असताना तू मनाचाच धागा का धरून ठेवलास?

भाची: कारण तो धागा सोडला तर तुझी अर्धी हकिकत सुटते. गेल्या नवरात्रात तू तुळजापूरला का गेली नाहीस?

मावशी: दर्शनबारीत तीन-चार तास उभं कोण राहणार? मधेच लागली तर जायचं कुठे आणि परत जागा कोण देणार? येरमाळ्याची चैत्री यात्राही सुटली. सोलापूरला दवाखान्यात जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. तरी नळदुर्ग येईपर्यंत घाम फुटतो. कंडक्टरला गाडी थांबवा म्हणायचं, सगळ्या गाडीनं माझ्याकडे बघायचं. लग्नाच्या मांडवात गेले की आधी संडास कुठे आहे ते बघते, मग नवरी. कुणी चहा पुढे केला आणि नको म्हटलं की त्यांना वाटतं मान ठेवला नाही. जेवणात काळं तिखट चालत नाही, चिंच चालत नाही, टोमॅटो चालत नाही. लोक म्हणतात, बाईंचे नखरे वाढले. म्हणून जाणंच सोडलं.

भाची: आता सांग, यात मूत्राशय कुठे संपलं आणि मन कुठे सुरू झालं?

मावशी: माझं मूत्राशय बरं कर, मी उद्या तुळजापूरला जाते. मनाला वेगळं औषध लागणार नाही.

भाची: इथेच माझं तुझ्याशी पटत नाही. दुखणं दहा वर्षं राहिलं की ते लागलं त्या जागेपुरतं राहत नाही. एक विचारते. भूकंपानंतर तुम्ही घरात झोपायला कधी लागलात?

मावशी: ती ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले. त्यानंतर कित्येक महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये होतो. नवं घर मिळालं तरी भिंतीला पाठ लावून झोप येत नव्हती. रस्त्यानं ट्रक गेला तरी पोरांना उचलून बाहेर पळायचो.

भाची: ट्रक गेला तेव्हा जमीन हललेली नसायची. तरी छातीतली धडधड खरी होती, पळणारे पाय खरे होते. दुखणं जुनं झालं की नसांचं असं होतं. मूत्राशय थोडंसं भरलं, एरवी कुणाच्या लक्षातही येणार नाही इतकं, तरी मज्जारज्जू आणि मेंदू त्याला धोका समजतात आणि कळ उठते. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ सालीच मांडलं होतं, की वेदनेचा संदेश मज्जारज्जूत कमी-जास्त होतो आणि मेंदूची अवस्था त्यात भाग घेते. अमेरिकेत २००८ पासून या आजारावर अनेक केंद्रांनी मिळून संशोधन चालवलं. त्यात दिसलं, की बऱ्याच रुग्णांना मूत्राशयापलीकडेही, अंगात इतरत्र दुखतं. म्हणजे सगळी यंत्रणाच सावध होऊन बसते. भीती, जागरण, एकटेपणा ही सावधगिरी वाढवतात. मी काम करते ते या जागी.

मावशी: उदाहरण चांगलं आहे. पण त्यातलं एक विसरलीस. भूकंप झाला होता. आम्ही ट्रकच्या आवाजाला घाबरलो तेव्हा कुणी असं म्हटलं नाही, की जमीन हललीच नव्हती. किल्लारी, सास्तूर इथली पडलेली घरं सगळ्यांना दिसत होती. सुमारे दहा हजार माणसं गेली होती. सरकार आलं, जग आलं. माझी पडझड दिसत नाही, म्हणून माझ्यापुरता भूकंपच झाला नाही असं ठरवतात आणि मग घाबरू नका म्हणतात. तुझा इलाज भूकंप मान्य झाल्यावरचा आहे. माझं भांडण त्याच्या आधीचं आहे.

भाची: हे मला मान्य करावंच लागेल. दुखणं मान्य न करता दिलेला धीर रुग्णाला आणखी एकटं पाडतो.

मावशी: तरी तुम्ही लोक अभ्यास दाखवता. मागे तूच गोव्याचा सांगत होतीस.

भाची: विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा. गोव्यातल्या सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी, २००५ साली प्रसिद्ध झालेली. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार कुणाला होते, हे त्यांनी पाहिलं. जंतुसंसर्गापेक्षा चिंता, नैराश्य आणि घरातला जाच यांच्याशी त्या तक्रारीचा संबंध जास्त घट्ट निघाला. बाईला दुःख सांगायला जागा नसते, तेव्हा ते अंगाच्या तक्रारीतून बाहेर येतं. मी हे रोज बघते.

मावशी: आणि मी गडचिरोलीचा सांगते. डॉ. राणी बंग यांचा, १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णव जणी खरंच आजारी होत्या आणि सोसत होत्या. त्या बायकांना कुणी आधी समुपदेशन दिलं असतं तर? आजार पोटात तसाच राहिला असता आणि वर सहनशक्तीचं कौतुक झालं असतं.

भाची: पण दोन्हीकडच्या पद्धतीत एक साम्य बघ. गोव्यातही प्रयोगशाळेत तपासणी केली, जंतू शोधले आणि मगच मनाशी असलेला संबंध सांगितला. तपासल्याशिवाय मनावर ढकलणं त्या अभ्यासाच्या नावावर खपवता येणार नाही. तसंच राणीताईंनी बायकांना नुसतं तपासलं नाही, आधी बोलतं केलं. बोलणं आणि तपासणं यांतलं एक निवडायला त्या दोघांपैकी कुणीच सांगत नाही.

मावशी: कागदावर सांगत नसतील. दवाखान्यात निवड होतेच. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं काय झालं? सरकारी समितीनं २०१९ साली पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. धाराशिवच्याही टोळ्या कारखान्यांवर जातात. फडात ना संडास ना पाणी, लघवी दाबून धरायची, मग ओटीपोट दुखलं की पिशवी काढा.

भाची: आणि मूत्राशयाचं दुखणं गर्भपिशवीचं समजून शस्त्रक्रिया झालेल्या बायका जगभर आहेत. पिशवी जाते आणि कळ तिथेच राहते. मग बाईला वाटतं, आपल्यातच काही खोट आहे. तोवर शरीराचं खरं दुखणं आणि मनाला झालेली इजा यांची गाठ इतकी पक्की बसते, की नुसत्या एका बाजूनं सुटत नाही. म्हणून म्हणते, मला बाहेर ठेवू नका.

मावशी: बाहेर ठेवत नाही गं. पण तुमच्यात लपवाछपवी फार. मला एका डॉक्टरांनी रात्रीची बारीक गोळी दिली होती. दोन-तीन आठवड्यांत बरं वाटायला लागलं, रात्रीचं उठणं कमी झालं. मग पुतण्यानं मोबाइलवर नाव शोधलं, म्हणाला, काकू, ही तर नैराश्याची गोळी आहे. मला फसवल्यासारखं झालं. तोंडावर सांगायला काय झालं होतं? बंद केली.

भाची: अमिट्रिप्टिलिन. ती नैराश्यावर दिली जाते, खरं आहे. पण नसांच्या दुखण्यावरही ती दिली जाते, तीही बऱ्याचदा १० मिलिग्रॅमपासून सुरू करून. नैराश्यासाठी लागणारी मात्रा याच्या कितीतरी पट असते. ती वेदनेचा संदेश मंद करते, झोप लावते. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, गुंगी हे तिचे त्रास आहेत आणि प्रत्येकीला ती चालतेच असं नाही. हे सगळं तुला लिहून देतानाच सांगायला हवं होतं. तुला न सांगून त्यांनी गोळी दिली आणि विश्वास घालवला. तू ती कुणाला न विचारता बंद केलीस, त्यात तुझंही नुकसान झालं. पुन्हा घ्यायची की नाही ते डॉक्टरांशी बोलून ठरव.

मावशी: मनाची म्हणून नाकारली, हे कबूल करते. गावात मनाच्या दवाखान्यात गेलेल्या बाईला काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे. दुखणं सोसता येतं, वेडी हा शिक्का सोसवत नाही.

भाची: म्हणजे मनाची लाज हीसुद्धा आजाराचा भाग झाली.

मावशी: लाज एकाच गोष्टीची नाही. तू लहान आहेस, पण विचारलंस म्हणून सांगते. काकांशी माझं… तेही बंद पडलं. दोन-दोन दिवस आग व्हायची. त्यांना वाटायचं मी टाळते. मी सांगायची नाही, ते विचारायचे नाहीत. एका घरात असून बोलणं तुटलं. ही गोष्ट आजवर एकाही दवाखान्यात निघाली नाही.

भाची: कारण कुणी विचारलं नाही. या आजारात शरीरसंबंध दुखणं अगदी नेहमीचं आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळून राहतात. दुखेल या भीतीनं आणखी आवळतात आणि मग खरंच जास्त दुखतं. २०१२ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटातल्या बायकांचे हे स्नायू प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टनं हातानं सैल केले, दुसऱ्या गटाला अंगभर मालिश दिलं. पहिल्या गटातल्या ५९ टक्के बायकांना बरं वाटलं, दुसऱ्यातल्या २६ टक्क्यांना. स्नायू आवळण्याचे जे व्यायाम लघवी गळण्यावर शिकवतात, ते इथे उलटे पडू शकतात, हेही बायकांना सांगितलं जात नाही. आता हा इलाज शरीराचा की भीतीचा?

मावशी: शरीराचा. हात लावून केलेला.

भाची: पण परिणाम भीतीवरही.

मावशी: हो, भीतीवरही. पण शरीर धरून.

भाची: चालेल. पुरुषांचंही थोडं सांगते. त्यांनाही हे होतं. त्यांना प्रोस्टेटचं म्हणून वर्षानुवर्षं औषधं मिळतात आणि पुरुषानं असल्या जागेचं दुखणं बोलायचं नाही म्हणून ते आणखी गप्प. आता मला तुला एक सरळ विचारायचं आहे. रागावू नकोस. कधी जगणं नको वाटलं?

मावशी: …वाटलं. मरावं असं नाही, पण उद्या सकाळ होऊ नये असं. रात्री तीनला पाचव्यांदा उठलं की वाटतं. असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात ते भरत नाही का?

भाची: नाही. विचारल्यानं तो विचार येत नाही. आलेला असेल तर त्याचं ओझं हलकं होतं. या आजारात नैराश्य आणि चिंता जास्त असतात, जीव द्यायचे विचारही येतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. झोप नाही, घराबाहेर पडणं नाही आणि वर कुणाचा विश्वास नाही, मग दुसरं काय होणार? हे तुझ्या स्वभावाचं दुबळेपण नाही. असं वाटेल त्या रात्री मला उठव. मी नसेन तर १४४१६ या नंबरला फोन लाव. टेलि-मानस ही सरकारी सेवा २०२२च्या ऑक्टोबरात सुरू झाली, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

मावशी: हे तू आज विचारलंस म्हणून सांगितलं. तुझ्या खुर्चीसमोर बसून पहिल्याच दिवशी विचारलं असतंस तर मी उठून गेले असते.

भाची: का?

मावशी: कारण मी समजले असते, की हिनंही माझं पोट सोडलं आणि डोकं धरलं. आज तू आधी जंतूंचं, गोळीचं, स्नायूंचं बोललीस. मला वाटलं, हिला कळतंय. मग माझी जीभ सुटली. तुमच्या कामात हाच क्रम असला पाहिजे.

भाची: बरोबर आहे. पण मग तुझीही एक गोष्ट मोडते. मघाशी म्हणालीस, मूत्राशय बरं केलं की मनाला वेगळं औषध नको. या आजाराला एका फटक्यात बरं करणारा इलाज आज नाही. मूत्राशयात औषध सोडतात, जखमा असतील तर दुर्बिणीतून जाळतात, गोळ्या आहेत. यांतलं कुठलंच सगळ्यांना लागू पडत नाही. एक औषध, पेंटोसन, वर्षानुवर्षं दिलं गेलं आणि २०१८ नंतर दिसलं, की दीर्घकाळ घेणाऱ्या काहींच्या डोळ्यांच्या पडद्याला त्यानं इजा होते. म्हणजे बरेच दिवस दुखण्यासोबतच जगायचं आहे. ते जगणं चांगलं कसं करायचं, याला मूत्ररोगतज्ज्ञाकडे वेळ नाही. तो वेळ माझ्याकडे आहे.

मावशी: तू काय करशील, ते मला नीट सांग. मन शांत ठेवा असलं सांगू नकोस.

भाची: आधी वही. कधी गेलीस, किती दुखलं, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं. मग खाण्यातलं एकेक बंद करून बघायचं, सगळं एकदम नाही. तिखट प्रत्येकीला बाधतंच असं नाही, उगीच आयुष्यभर पथ्य कशाला? मग पाणी. तू पाणी तोडतेस, त्यानं लघवी घट्ट होते आणि आतून जास्त झोंबते. थोडं थोडं, दिवसभर. मग दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवायचं, आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी. हे करताना भीती उसळते, तेव्हा श्वास आणि स्नायू सैल सोडायचं तंत्र लागतं. ते मी शिकवीन. कळ आली की मन लगेच शेवटाला जातं, आता हे कधीच थांबणार नाही, आता सगळं संपलं. हतबलता जितकी जास्त, तितकं जगणं जास्त बिघडतं, हे अभ्यासांत दिसलं आहे. तो धागा ओळखायला शिकता येतं. आणि काकांना एकदा सोबत बसवायचं.

मावशी: पाण्याचं सोपं सांगितलंस. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, बाई आपल्या वाटणीचं पाणी आधी तोडते. मी नोकरीला लागले तेव्हा शाळेत बायकांना वेगळं स्वच्छतागृह नव्हतं. सकाळी निघाल्यापासून घरी येईपर्यंत घोटभर पाणी घ्यायचे नाही. रानात काम करणारीला आडोसा नाही, बसस्टँडवरच्या मुतारीत पाय ठेववत नाही. तिला “थोडं थोडं पाणी पीत जा” म्हणणं सोपं आहे. तिची भीती डोक्यातली नाही गं, रस्त्यावरची आहे. तिच्या भीतीवर पहिला इलाज स्वच्छ, उघडं आणि फुकट स्वच्छतागृह. तुझं श्वासाचं तंत्र नंतर.

भाची: स्वच्छतागृहासाठी मी तुझ्यासोबत मोर्चात येईन. पण ते होईपर्यंत ती बाई काय करील? मूत्ररोगतज्ज्ञ सोलापूर-लातूरला. धाराशिवला २०२२ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, पण सगळं उभं राहायला वर्षं जातील. बोलायला माणूस मात्र आज देता येतो. शेतकरी आत्महत्या रोखायला सरकारनं २०१५ साली प्रेरणा प्रकल्प आणला, त्यात आशाताई घरोघर जाऊन निराश माणूस ओळखतात. त्याच आशाताईनं बाईला दोन प्रश्न जास्त विचारावेत: लघवीला त्रास होतो का, किती दिवसांपासून? अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना शिकवून भारतवैद्य केलं. म्हणजे या जिल्ह्यात गावातली बाई हे काम करू शकते, हे दिसलेलं आहे.

मावशी: आशाला आधीच कामाचा डोंगर आणि मानधन तुटपुंजं. तिच्या यादीत आणखी दोन प्रश्न घालायचे तर तिच्या पैशातही घाला. आणि तिनं विचारून पुढे काय? बाई हो म्हणाली आणि पुढे डॉक्टरच नसेल, तर तोही विश्वासघातच.

भाची: म्हणून पुढची वाट ठरलेली हवी. आधी लघवीची जंतूंची तपासणी, साखर, क्षयाची शंका असेल तर ती. आपल्याकडे मूत्राशयाचा क्षय विसरून चालणार नाही. लघवीतून रक्त येत असेल तर थेट तज्ज्ञाकडे. बाकी काही निघालं नाही, तर त्याच दिवशी तिला आजाराचं नाव सांगायचं आणि समुपदेशकाशी गाठ घालून द्यायची. दोन्ही एकाच इमारतीत, एकाच कागदावर.

मावशी: आजाराचं नाव त्याच दिवशी. हे चांगलं बोललीस. नाव कळलं त्या दिवशी मी रडले होते, पण दहा वर्षांत पहिल्यांदा शांत झोपलेही होते. बरी नव्हते झाले, पण खोटी नव्हते हे कळलं होतं. बरं, मी येते तुझ्याकडे. पण माझे उपचार चालू राहतील. मनाचं काम सुरू झालं म्हणून पोटाच्या गोळ्या कमी करा, असं कुणी म्हणायचं नाही. आणि मला बरं वाटलं, तर बघा, मनाचंच होतं, असंही नंतर कुणी म्हणायचं नाही.

भाची: दोन्ही मान्य. पण स्वच्छतागृह आधी की समुपदेशन आधी, यावर मी तुझ्याशी सहमत नाही. मी वाट बघायला तयार नाही.

मावशी: मीही नाही. म्हणून दोन्ही मागू. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज लिहू. पहिली मागणी, बसस्टँड, बाजार आणि शाळा इथे बायकांसाठी वापरता येईल असं स्वच्छतागृह. दुसरी, तालुक्याच्या दवाखान्यात या आजाराची तपासणी आणि महिन्यातून एकदा तरी तज्ज्ञ. तिसरी, तुझी माणसं तिथेच, शेजारच्या खोलीत.

भाची: आणि चौथी मी घालते, ती माझ्यासारख्यांनाही लागू राहील. कुठल्याही रुग्णाला दुखणं मनाचं आहे असं सांगायचं असेल, तर त्याआधी कोणत्या तपासण्या केल्या, कोणत्या राहिल्या आणि शरीराचे कोणते उपचार पुढे चालू राहतील, हे सांगणाऱ्यानं केसपेपरवर सहीनिशी लिहून द्यावं.

मावशी: ही मागणी पहिल्या नंबरावर घे.